सतरा की सत्तर

आमची आत्या कानांवर पोट भरते. बैठका, भाषणं, मुलाखती, जे काही कुणी बोलून रेकॉर्ड केलं असेल ते ऐकून ती टाइप करून देते. एकतीस वर्षं कचेरीत लघुलेखन केलं आणि निवृत्त झाल्यावर खोलीच्या कोपऱ्यात संगणक मांडून तेच काम घरी सुरू केलं. तिच्यापुढे शब्द गिळायची सोय नाही. मी फोनवर जरा पुटपुटलो की म्हणते, पूर्ण वाक्य बोल.

अशा बाईनं एका वाचनालयाच्या सभेतल्या सतरा खुर्च्यांच्या सत्तर केल्या. इतिवृत्तावर न वाचताच सह्या झाल्या आणि एका सकाळी टेम्पोतून सत्तर खुर्च्या उतरल्या. वर्तमानपत्रं वाचायला आलेल्या मंडळींना उभं राहायलाही जागा उरली नाही. त्रेपन्न परत पाठवाव्या लागल्या. अध्यक्षांनी कानावर हात ठेवले, आपण सतराच म्हणालो होतो म्हणे. आत्यानं घरी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सतरा मनात धरून ऐकलं की सतरा ऐकू येई, सत्तर धरून ऐकलं की सत्तर. शेवटी तिनं माफी मागितली आणि कानाला खडा लावला, आता हे काम बंद. कान गेले अशी तिची खात्रीच झाली होती. हातातलं एक भाषण पुरं झालं की संगणक मला देऊन टाकणार होती.

मला तिचा रागच आला. हेडफोननं डोकं दुखतं म्हणून ती बारा वर्षं संगणकाबरोबर फुकट आलेले प्लास्टिकचे स्पीकर वापरत होती. त्यातून कुणीही बोललं तरी माठात तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं. आधी स्पीकर बदलू, मग कानांचं बघू, असं मी म्हणालो. ती तयार झाली, पण अटी घालून. पैसे तिचेच, आणि तेही एका महिन्याच्या टायपिंगच्या कमाईत बसतील तेवढेच. शिवाय पडद्याच्या दोन्ही अंगांना एकेक वीत जागा होती, त्याबाहेर काही जाता कामा नये.

आठवडाभर परीक्षणं वाचून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. दुकानात शिरताच वॅट, वूफर, ट्वीटर सुरू केलं. दुकानदार खूश झाला आणि त्यानं असं एक गाणं लावलं की काउंटरची काच थरथरायला लागली. आत्या आपली स्पीकरांवर वीत टेकवत फिरत होती. तीन जोड्या मापात बसल्या. मग तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"गाणं बंद करा. मला हे ऐकायचंय."

तीच सभा होती. पहिली जोडी माझ्या आवडीची, ढमढम वाजणारी, तीत अध्यक्षांना सर्दी झाल्यासारखी वाटली. दुसरीची किंमत ऐकून आत्यानं ती लावूच दिली नाही. एकदा ऐकली की मन मागे येत नाही, म्हणाली. तिसरी लहान, काळी, दिसायला अगदी साधी. दुकानदारानं ती भिंतीपासून पुढे ओढली आणि आवाज सरळ आत्याच्या कानांकडे जाईल अशी जरा मागे कलती ठेवली. एवढं मात्र त्याला कळत होतं.

पंख्याची घरघर बाजूला झाली. कुणीतरी खोकलं. मग अध्यक्ष स्वच्छ म्हणाले, "सत्तर." आणि पाठोपाठ स्वतःशीच, इतकं हळू की घरी ते कधी ऐकूच आलं नव्हतं, "दहा-दहाच्या सात रांगा. पूर्वी लागायच्या तशा."

मी टेबलावर थाप मारली. हाताच्या काकणाला आरसा कशाला, चल आत्ताच वाचनालयात, सगळ्या समितीला बसवून ऐकवू, असं बरंच काही बोललो. आत्या डोळे मिटून बसली होती. तेवढाच तुकडा तिनं आणखी दोनदा लावायला सांगितला. मला वाटलं, खात्री करून घेतेय.

"त्यांच्या व्याख्यानांना मी जायचे," ती म्हणाली. "दाराबाहेरपर्यंत माणसं असायची. आता सभेला नऊ जण येतात, त्यातला एक शिपाई."

"पण चूक तुझ्या नावावर आहे, आत्या."

"माझे कान शाबूत आहेत, हे मला कळलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला चारचौघांत हे ऐकवू का मी?"

ही बाई माझी आत्या आहे याचा मला त्या दुकानात फार अभिमान वाटला, आणि तो तिला सांगायची लाजही वाटली. तिनं तिसरी जोडी घेतली आणि घासाघीस करून जोडायची तार फुकट मिळवली.

घरी मी टेबलाखाली वाकून तारा लावत होतो, तेव्हा तिनं अध्यक्षांना फोन केला.

"पुढच्या सभेचं काम मलाच द्या," ती म्हणाली. "मागच्या वेळी माझ्याच ऐकण्यात चूक झाली. आता चांगले स्पीकर घेतलेत."