केरसुणीवालीच्या जागेवरचा देव

श्रीवृद्धेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून, आज चंपाषष्ठीच्या मंगल दिवशी, तिसगावच्या आठवडे बाजारातील एक आठवण लिहावयास बसलो आहे. सकाळी पूजा आटोपून बाजारतळावर गेलो, तो कडुलिंबाच्या पारावर शेंदराने माखलेल्या दगडापुढे कोणीतरी ताजा भंडारा वाहिलेला दिसला. मी मनोभावे हात जोडले आणि मला हसूही आले, कारण या देवाचा जन्म मला ठाऊक आहे.

आमच्या बाजारात जमिनीवर पोते अंथरून बसणाऱ्या विक्रेत्यांची एक जुनी रीत आहे. कोणाची जागा कोणती, हे कागदावर कोठेही लिहिलेले नसते. ज्याने त्याने आपल्या जागी एक दगड ठेवलेला असतो. तो दगड असेपर्यंत जागा त्याची. माणूस आजारी पडो की लग्नकार्यास जावो, शेजारचे विक्रेते त्या दगडाची राखण करतात.

पाराजवळची जागा एका केरसुणीवालीची. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या ती स्वतः बांधते. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी माझ्या घरी तिचीच केरसुणी येते. तिच्या शेजारी हळद, कुंकू, शेंदूर, करदोडे विकणारी एक वृद्धा बसते. सारा बाजार तिला आक्का म्हणतो. गेल्या वर्षी केरसुणीवाली लेकीच्या बाळंतपणासाठी सुप्याला गेली. जावई तेथे कारखान्यात आहे. जाताना तिने आक्काला सांगितले, "माझ्या धोंड्याकडं ध्यान दे." येण्याजाण्याच्या वाटेवरची ती जागा म्हणजेच तिचा सगळा धंदा होता. ती जागा हातची गेली असती तर तिला थेट मागल्या गल्लीत, गुरांच्या बाजूस बसावे लागले असते.

पुष्कळ दिवसांनी ती परतली आणि तडक माझ्या ओसरीवर आली. मी पाठशाळेतून निवृत्त झालो असलो, तरी पूजाविधीचा प्रश्न निघाला की गाव अजून माझ्याकडेच येते.

"गुरुजी, माझ्या जागंवर देव बसलाय. आता मी कुठं बसू?"

मी तिच्याबरोबर गेलो. तिचा दगड नखशिखांत शेंदराने लाल झाला होता. पुढे नारळाच्या करवंट्या, उदबत्त्या, झेंडूची माळ. कोणी त्याला म्हसोबा म्हणत होते, कोणी बाजारोबा.

"याच धोंड्यावर मी केरसुन्या झाडायची," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आता ह्याच्याच पाया पडू व्हय?"

आक्का शेंदराच्या पुड्या उगाचच सारख्या करीत होती. मग तिला हसू आवरेना.

"आगं, म्याच लावला. तू न्हाईस म्हनल्यावर ह्यो टेम्पोवाला दर बाजारी चाक पुढं सरकवाया बघायचा. देवावर कोन टेम्पो घालतंय?"

"मग एक टिकला लावायचा, आक्के. तू तर त्याला आंघूळच घातलीस."

"शिळा शेंदूर हुता. तसाबी खपत नव्हता."

प्लॅस्टिकच्या बादल्या आणि झाडू विकणारा टेम्पोवाला समोरच उभा होता. त्याची हकीकत अशी की, शेंदूर पाहूनही त्याने दगड पायाने बाजूला सारला आणि त्याच दिवशी करंजीच्या घाटात त्याचे टायर फुटले. पुढच्या बाजारी दगड पुन्हा जागेवर ठेवून पहिला नारळ त्यानेच फोडला, आणि गिऱ्हाईक येईल त्याला तो ही कथा सांगत सुटला. आक्काने राखणीसाठी लावलेल्या शेंदराचे त्याच्यामुळे जागृत देवस्थान झाले.

"त्याला हलवू नका, गुरुजी," तो काकुळतीने म्हणाला. "टायर नवं टाकलंय."

"आन् मी काय हवेत बसू?" केरसुणीवाली म्हणाली.

लोक जमले. सर्वांचे डोळे माझ्याकडे. इतक्या जणांनी जेथे श्रद्धेने डोके टेकले, त्यास नुसता दगड म्हणावयास माझी जीभ धजेना. आणि एका कष्टकरी बाईची जागा घेऊन कोणता देव सुखावेल, हेही मला सांगता येईना.

मग एक गोष्ट ध्यानात आली. देवाची स्थापना अचल असते, तशी चलही असते. आपल्या देव्हाऱ्यातील देव आपण रोज उचलतो, स्नान घालतो, पुन्हा ठेवतो. या देवाखाली कोणी पाया खणला नव्हता, मंत्र म्हटला नव्हता. तो या बाईच्या जागेवर आलेला पाहुणा होता. पाहुण्यास अधिक चांगले आसन दिले, तर त्याचा कोप कसा होईल? मात्र ते यजमानाने द्यावयास हवे, आणि यजमान ती होती.

मी तसे सांगताच तिने क्षणभर विचार केला, गाठोड्यातून कोरी केरसुणी काढली आणि पार लख्ख झाडला. मी अक्षता वाहून प्रार्थना केली. दगड उचलण्यास कोणी पुढे येईना. अखेर टेम्पोवाल्यानेच चपला काढल्या, पदर पसरावा तसे उपरणे पसरले, आणि तान्हे मूल न्यावे तसा देव नेऊन पारावर ठेवला.

"टायरचं सांगा देवाला," आक्का म्हणाली.

"सांगितलं," तो गंभीरपणे म्हणाला, आणि त्यालाच हसू फुटले.

केरसुणीवालीने आपल्या जागेवर पोते अंथरले. बसण्यापूर्वी ओढ्याकडून एक नवा दगड आणून कोपऱ्यात ठेवला, आणि आक्काकडे बोट केले.

"ह्याला बोट लावशील तर हीच केरसुनी घालीन पाठीत."

"लई दिस जाऊ नगंस मग," आक्का म्हणाली. "मला करमत न्हाई."

आज पाहिले, तिचा तो नवा दगड अजून कोराच आहे. पारावर दर्शनास येणारे परतताना तिच्याकडची केरसुणी नेतात. टेम्पो वाटेच्या पलीकडे उभा असतो. त्यात बादल्या आहेत, झाडू त्याने आपण होऊन ठेवणे सोडले आहे.

वाचकहो, आपला उंबरठा नित्य स्वच्छ राहो. आपल्या घरी आलेल्यास आदराचे आसन मिळो. आणि आपल्यापैकी जो कोणी दूर गेला असेल, त्याची जागा राखणारा शेजारी त्यास लाभो. आपले व आपल्या कुटुंबाचे सर्वथा कल्याण असो.