धरलेला हात

वॉर्डात खाटा सहा आणि सिस्टर एकच. एकाला सलाईन लावलं की ते उतरेपर्यंत त्या तिथे थांबत नाहीत, दुसऱ्याकडे जातात. परत आल्या की सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करतात. ऑफिसात मी लिहिलेले कॉम्प्युटर प्रोग्राम असेच चालतात. त्याला इव्हेंट लूप म्हणतात: फिरणारा एक, वाट बघणारी कामं अनेक. फिरणाऱ्याला अडवलंत तर सगळंच ठप्प होईल, हे मी नवीन पोरांना रोज बजावतो.

आज बाबांचा श्वास अडखळला आणि मी सिस्टरांचा हात धरला. "डॉक्टर येईपर्यंत इथून हलू नका."

"त्यांना फोन केलाय, दादा. सोडा, लगेच येते परत."

पलीकडच्या आजींची बाटली रिकामी झाली होती, नळीत रक्त चढू लागलं होतं. मला ते दिसत होतं, तरी हात सुटत नव्हता.