भोंगा आपोआप वाजत नाही

परळच्या मशिदीमागच्या खोलीत जैनबबी मुकादम मुलींना अकीदा शिकवायची. अकीदा म्हणजे काय मानायचं आणि का मानायचं. ‘काय’ घोकून घेणारे पैशाला पासरी मिळतात; हिचा सगळा जीव ‘का’वर. तेही घरच्या मराठीत. जंजिऱ्याकडच्या काझी बापाने लावलेली ही खोड, ती काही सुटली नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. हरताळ झाला आणि त्या सकाळी गिरणीचा भोंगा वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशी जैनबबीने त्याचाच धडा केला.

“भोंगा वाजेल किंवा वाजणार नाही. दोन्ही होऊ शकतं. मग त्यातलं एकच का होतं?”

“कुणीतरी ठरवतं म्हणून,” हलिमा म्हणाली.

“आणि ही दुनिया? तीही नसती झाली, तरी चाललं असतं की.”

मग हलिमाच हळूच म्हणाली, “म्हणजे तिचंही कुणीतरी ठरवलं.”

जुन्या इमाम-पंडितांची शेकडो वर्षांची दलील, तोच युक्तिवाद, गिरणीकामगाराच्या पोरीला आपली आपण सापडली होती. जैनबबीला त्या दिवशी सुकी भाकरीही गोड लागली.

बातमी मशिदीच्या कमिटीच्या करीमशेठ तुंगेकरांपर्यंत गेली. ते तणतणत आले. “हा दीनचा, धर्माचा वर्ग आहे की मोर्चा, जैनबबी? उर्दूत पाठ करून घ्या. नाहीतर वर्ग बंद.”

“शेठ, अल्ला एक आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“वडिलांनी सांगितलं.”

“नाक्यावरच्या पारशालाही त्याचं त्याच्या वडिलांनीच सांगितलंय. नुसतं ऐकून ठेवलेलं इमान पुरतं का, यावर आपले इमाम आपसात भांडलेत. मी मुलींचे पोपट करणार नाही.”

वर्ग गेला तर या पोरींना ‘का’ विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी शब्द मागे घ्यावा असं तिला वाटलं नाही.

शनिवारी दाराला कुलूप. मुली पायरीवर ताटकळलेल्या.

“संपलं ना आता, खाला?” हलिमा रडवेली झाली होती.

जैनबबीने पदर खोचला आणि पायरीवरच बैठक मारली. “कुलूप लागलं असतं किंवा नसतंही. मग लागलं कसं?”

“कुणीतरी लावलं.”

“ज्याला कुणीतरी लावावं लागतं, ते कायमचं असतं का?”

“नाही.”

“मग बसा. मागचा धडा कुठवर आला होता?”