वुओक्कोचे मासे

कागदाच्या कारखान्यात वुओक्को ह्यूत्तिनेनने एकाच यंत्रावर एकवीस वर्षं काढली. त्या एकवीस वर्षांत कोणी तिचं मत विचारलं असेलच, तर ते कॅन्टीनच्या कॉफीबद्दल. कारखाना बंद पडला तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. बरोबरीच्या बायका हेलसिंकीला गेल्या. हिने तळ्याकाठी फळ्या ठोकल्या आणि माशांना धुरी द्यायची खोली उभी केली. पहिल्या वर्षी मासे जळले, दुसऱ्या वर्षी कडवट झाले. तिसऱ्या वर्षी तिला उमगलं, की अल्डरच्या लाकडाची साल आधी सोलून टाकायची असते आणि धूर डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखायचा असतो.

मासे झकास होऊ लागले. विकणं काही जमेना.

ताजे मासे पुरवायचा तो शेजारी ताइस्तो. त्या जुलैत त्याने सरळच सांगितलं, "वुओक्को, एवढ्याशा गिऱ्हाइकांवर माझी बोट चालत नाही. मोठं गिऱ्हाईक गाठ, नाहीतर हा मोसम संपला की मी जाळी गुंडाळतो."

ताइस्तोने जाळी गुंडाळली, की तिची खोलीही थंड पडणार.

आणि शनिवारच्या बाजारात मोठं गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी चालत आलं. लिनेआ नावाची तरुणी, स्टॉकहोमच्या एका हॉटेलासाठी खरेदी करणारी. फिनिश मोडकंतोडकं, पण प्रश्न स्पष्ट.

"मासे कसे आहेत?"

वुओक्कोने खांदे उडवले. "खाता येतात."

लिनेआ हसली, आभार मानून बोटीच्या धक्क्याकडे निघाली.

टपरीत बसलेल्या ताइस्तोने कॉफीचा कप आपटला. "खाता येतात? अगं, भूक लागली तर चपलाही खाता येतात!"

"मग काय, स्वतःचे गोडवे गाऊ? आपल्यात असंच बोलतात. नवी बोट घेतलीस तेव्हा तू काय म्हणाला होतास? 'तरंगते.'"

"मी ती विकायला नव्हती काढली!"

वुओक्कोने कागद पुढ्यात ओढला. तिची आईही अशीच. पावाचं कोणी कौतुक केलं, की म्हणायची, पीठ चांगलं होतं. पण तीन वर्षं धुरात खोकत पीठ नव्हतं उभं राहिलं. वुओक्को स्वतः उभी होती.

तिने कागदात दोन मासे गुंडाळले आणि एप्रनसकट धावत सुटली. लिनेआचा एक पाय बोटीत होता.

"मी खोटं बोलले!"

"म्हणजे?"

"खाता येतात म्हणाले ना, ते खोटं." वुओक्कोचे कान लाललाल झाले होते. "चांगले आहेत. या अख्ख्या तळ्यावर इतके चांगले कोणाकडेच नाहीत. आणि ते मी केलेत."

स्वतःबद्दल एका दमात एवढं ती जन्मात बोलली नव्हती. आभाळ काही कोसळलं नाही. एक सीगल तेवढा माशांच्या वासाने जवळ सरकला.

लिनेआने पहिला मासा उभ्याउभ्या, डोक्यासकट खाल्ला. दुसराही. बोटं चाटून झाल्यावर म्हणाली, "दर गुरुवारी चाळीस किलो जमतील?"

"जमतील." वुओक्कोने एप्रन झटकला. "आरामात जमतील."

ती परतली तेव्हा ताइस्तो उभाच होता. "काय झालं?"

"उद्यापासून जाळी जास्त टाक."

"हं," ताइस्तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्या कपात कॉफी ओतली.

पुढच्या शनिवारी टपरीवर निळी पाटी झळकली : वुओक्कोचे मासे. ताइस्तोने मान वाकडी करून ती वाचली.

"अक्षरं जरा मोठी झालीत."

"झाली नाहीत," वुओक्को म्हणाली, "मी केलीत."