तळघरातली फाँतन्वा

शनिवार, १४ जून १९८६. हजर: मी, आमचे हे, यांचे मामेभाऊ म्हणजे माझे भाऊजी, आणि त्यांना कायमचं टेक्सासात शुगर लँडला न्यायला आलेली त्यांची मुलगी. ट्रक तीनला. यादीत एकतीस कामं.

बिनकामाच्या गोष्टीत भाऊजींइतका तरबेज माणूस न्यू जर्सीतल्या आमच्या अख्ख्या पार्सिपनीत सापडायचा नाही. १७४५ साली फाँतन्वा नावाच्या गावाशी इंग्रज, डच आणि त्यांचे दोस्त फ्रेंचांकडून हरले, याचं दुःख त्यांच्याइतकं प्रत्यक्ष इंग्रजांनीही केलं नसेल. गणपतीच्या जेवणाची रांग लावायला सांगितली, तर भाऊजींनी पंगतीच्या तुकड्या पाडल्या आणि आम्हा बायकांना डच ठरवून शेवटपर्यंत ताटाजवळ फिरकू दिलं नाही. "डच पुढे सरकलेच नाहीत, वहिनी. म्हणून तर हरलो."

दोनपर्यंत तीस कामांवर खूण झाली. उरलं एकतिसावं: तळघर रिकामं करणं. तिथे प्लायवुडवर सगळी लढाई मांडलेली: मसूर म्हणजे इंग्रज, चणाडाळ डच, उडीदडाळ फ्रेंच, राजमा घोडदळ, लवंगा म्हणजे रान. मी सरळ रिकामी बरणी घेऊन उतरले.

"हात लावू नका."

"डॅड, इट्स डाळ," मुलगी म्हणाली. "ट्रक येतोय."

"फ्रेंच तुझी आई खेळायची. चाल तिची आहे."

जाऊबाई फेब्रुवारीत गेल्या.  भाऊजी खुर्चीत बसले ते बसलेच. चाल अर्धी टाकून येणार नाही म्हणाले. मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

"फ्रेंच मी खेळते," मी म्हटलं. "प्लायवुड माझ्या घरी. उचला."

चौघांनी चार कोपरे धरून ते प्लायवुड दोन गल्ल्या पलीकडे नेलं. "सावकाश रे, डच घसरतायत," असं भाऊजी आमच्या ह्यांच्यावर खेकसत होते. वळणावर थोडे मसूर सांडले, तर पलटण थांबवून त्यांनी रस्त्यावर बसून एकेक दाणा वेचला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

आता दर रविवारी टेक्सासहून फोन येतो. "वहिनी, फ्रेंच हलले का?"

"वेळ झाला नाही, भाऊजी."

खरं तर चाल मला पहिल्याच आठवड्यात कळली. जाऊबाईंनी रानामागे राखून ठेवलेला राजमा पुढे सरकवला की इंग्रज संपले, लढाई संपली. दोन मिनिटांचं काम. यादीत एकतिसाव्या ओळीवर अजून खूण नाही.