जीपच्या कपाळावरचं कुंकू

परवा कुंडलला माहेरी जाऊन आले... निमित्त काय, तर तात्यांच्या जीपचा इन्शुरन्स.

तात्या म्हणजे माझे वडील, निवृत्त फौजी. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली ही जीप वयानं माझ्याहून थोरली. हिच्यातूनच मी सासरी साताऱ्याला गेले, रस्ताभर रडत. आता माझ्या लेकीची पाठवणीही हिच्यातूनच, हा तात्यांचा हट्ट. पण इन्शुरन्स कधीचाच संपलेला, आणि त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा नियमही त्यांचाच.

बऱ्याच ठिकाणी गाडीचं वय ऐकूनच हात वर केले. एकानं तर भंगारवाल्याचा नंबर दिला... शेवटी तासगावचे एक एजंट भेटले. जुन्या, कमी फिरणाऱ्या गाड्यांना हप्त्यात सवलत मिळते म्हणाले. फक्त चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिलनं त्याचा ठसा घ्यावा लागेल.

बॉनेट उघडलं... आणि नंबरच्या जागी नुसता लाल थर.

दर दसऱ्याला आई नेमकी तिथं तेलात कालवलेलं कुंकू लावायची. आम्ही हसलो की म्हणायची, "गाडीचं नाव हितं लिवलंय, मग कपाळ बी हितंच की." आई गेल्यापासून तिथं कुणी हात लावला नव्हता.

एजंट खरवडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले, तर तात्यांनी त्यांचा हातच धरला. मला वाटलं, झालं... आता लग्नाला भाड्याची गाडी.

तात्या आत गेले आणि खोबरेल तेल घेऊन आले. पंच्याचं टोक तेलात भिजवून हळूहळू पुसत राहिले, तापात पडलेल्या माणसाचं कपाळ पुसावं तसं. एकेक आकडा वर आला. ठसा निघाला, फोटो झाले. पंचा मात्र त्यांनी धुवायला टाकला नाही... घडी घालून खिशात ठेवला.

मग आईचा करंडा माझ्यापुढं धरून म्हणाले, "आता तू लाव. पर जरा बाजूला लाव... फुडच्या वर्षी परत ठसा द्यावा लागंल."

मी लावलं. डोळे भरल्यामुळं जरा वाकडंच लागलं.

काल पॉलिसी हातात आली. आई, तुझी नात तुझ्याच गाडीतून सासरी जाणार गं...