फितीआडचे यंत्र

१२ मार्च १९८५, मंगळवार, सकाळी साडेनऊ. घाटकोपरच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात त्या क्षणी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे एक नवे कोरे यंत्र होते आणि स्वतःहून श्वास घेऊ न शकणारा एक रुग्णही होता. दोघांमध्ये अंतर होते ते केवळ एका गुलाबी फितीचे. ती शनिवारी उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या हस्ते कापली जाणार होती.

रुग्ण म्हणजे मुलुंडला बांधकामावरून पडलेला तरुण वायरमन. डोक्याला जबर मार, मेंदूला सूज. त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून तिला रबरी फुगा जोडला होता आणि नातेवाईक तो आळीपाळीने दाबत होते. मी भूलशास्त्रात नुकतीच एम.डी. झाले होते आणि या यंत्रावर शोधनिबंध लिहिण्याचा माझा मनसुबा होता. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढला तर मेंदूची सूज वाढते, फार उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठा आक्रसतो. म्हणून श्वासाची गती स्थिर हवी, हे मी मुख्य विश्वस्तांना आलेख काढून समजावले. त्यांनी आलेख कौतुकाने पाहिला. सुलट पाहिला, उलटाही पाहिला.

"डॉक्टरबाई, यंत्र काय पळून जातंय? आपण आधीच चालू केलं तर पाहुण्यांनी काय चालू करायचं?"

"रुग्ण शनिवारपर्यंत थांबेल याची खात्री नाही."

"भाऊ दाबतोय ना फुगा? मग झालं तर."

थोरला भाऊ दाबत होता हे खरे, आणि निष्ठेने दाबत होता. अडचण एवढीच की तो कोकणातल्या आपल्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत असे. मी घड्याळ लावून पाहिले: मिनिटाला बारा, मग सोळा, मग अठ्ठावीस, आणि एकदम पुन्हा बारा.

"मनातल्या मनात भजन म्हणतंय, बाई," तो म्हणाला. "ताल चुकूचो नाय."

"मग मध्येच वेग का वाढतो?"

त्याने माझ्याकडे कीव करावी तसे पाहिले. "शेवटाक गजर येता ना. गजर काय कोण सावकाश म्हणता?"

मी गजर वर्ज्य करायला सांगितले. त्याने ते जड मनाने मान्य केले. दुपारी त्याच्या जागी मेहुणा बसला. तो भजन म्हणत नसे. तो डुलक्या घेत असे. चार वाजता मी विजेरी घेऊन तपासले, तेव्हा रुग्णाच्या उजव्या डोळ्याची बाहुली प्रकाशाला सावकाश प्रतिसाद देत होती. सकाळी तसे नव्हते; मेंदूची सूज वाढू लागल्याची ती खूण होती.

माझा पुरावा अचूक होता, पण तो ज्यांच्यापुढे मांडला त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. मी पुन्हा विश्वस्तांकडे गेले.

"शनिवारी साहेबांनी बटण दाबलं आणि यंत्र चाललंच नाही तर?"

कार्बन डायऑक्साइडने जे साधले नव्हते ते या प्रश्नाने साधले. ते खुर्चीत ताठ झाले. "मग रंगीत तालीम घ्या ना. आजच घ्या."

"तालमीला रुग्ण लागेल."

"आहे ना आपल्याकडे एक? फितीला मात्र हात लावायचा नाही."

अशा रीतीने फितीखालून नळ्या ओढून आम्ही यंत्र त्याला जोडले. तालीम शनिवारपर्यंत अखंड चालली. बाहुली पूर्ववत झाली; स्वतःचा श्वास मात्र त्याने एकदाही घेतला नाही.

शनिवारी एक तात्त्विक प्रश्न उभा राहिला: चालू असलेले यंत्र चालू कसे करायचे? तोडगा म्हणून पाहुणे आत येताच ते बंद करण्यात आले. मी हरकत घेतली. "दोनच मिनिटं, बाई," विश्वस्त कुजबुजले. फुगा पुन्हा थोरल्या भावाच्या हाती आला आणि पाहुण्यांनी भाषण सुरू केले. ते प्राणायामापासून निघाले, अंतराळात गेले आणि स्वतःच्या बालपणी येऊन स्थिरावले. भाऊ गजराविना, माझ्या तोंडाकडे पाहत, फारच जपून दाबत होता. माझी नजर रुग्णाच्या छातीवर होती.

दोन दाबांच्या मधल्या विरामात ती छाती वर आली.

मी भावाच्या मनगटावर हात ठेवला. छाती पुन्हा वर आली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ह्यां मी नाय केलंय."

पुढे फीत कापली गेली, बटण दाबले गेले, टाळ्या झाल्या. "साहेबांच्या हाताला यश आहे," विश्वस्तांनी जाहीर केले. वास्तविक श्वास बटणाच्या आधीचा होता. फुग्याची गती मंदावल्याने कार्बन डायऑक्साइड चढला असावा आणि त्याने मेंदूतले श्वसनकेंद्र जागे केले असावे. म्हणजे श्रेय द्यायचेच तर ते भाषणाच्या लांबीला द्यावे लागले असते. हे अनुमान मी कोणाला सांगितले नाही. शस्त्रक्रियागृहाच्या नव्या दिव्याचे उद्घाटन अजून व्हायचे होते.

पाहुणे अल्पोपाहाराला गेल्यावर मी पूर्ण एक मिनिट मोजले आणि तक्त्यावर लिहिले: यंत्राचे श्वास बारा, रुग्णाचे स्वतःचे चार.